कैलास कोणी कोरला? वादाची एक रीत

बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. १९८२ साली तेथे काम सुरू झाले आणि डोंगराच्या माथ्यापासून पायरी-पायरीने खाली उतरत एक अजस्र खड्डा कोरला गेला. बालाघाट शहराजवळ भरवेलीस मँगनीजची खाण आहे. तेथे जमिनीच्या पोटात शिरून खनिज काढले जाते आणि त्या कामाला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. दगड फोडणे म्हणजे काय, तो किती वेळ खातो, किती घाम मागतो, हे या जिल्ह्यातील माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

अशा या जिल्ह्यातील एका मराठी घराची श्रोत्यांनी क्षणभर कल्पना करावी. सुट्टीत वेरूळ पाहून परतलेला, नववी-दहावीत शिकणारा नातू रात्रीच्या जेवणानंतर म्हणतो, "आजोबा, कैलास लेणे माणसांनी कोरलेच नाही. छिन्नी-हातोड्याने एवढा डोंगर कापता येईल का? परग्रहावरच्या लोकांनी यंत्राने कापला, असे मोबाइलवर दाखवले आहे. पिरॅमिडसुद्धा त्यांनीच बांधले." आजोबांचे सारे आयुष्य खाणीत गेलेले. त्यांना हे ऐकवत नाही. ते एवढेच म्हणतात, "खुळ्यासारखे काही बोलू नकोस. शाळेत हेच शिकतोस का?" मुलगा गप्प बसतो. परंतु तो पटले म्हणून गप्प बसलेला नसतो. तो उठून आपल्या खोलीत जातो आणि पुन्हा तीच चित्रफीत लावतो. कारण तेथे त्याला कोणी खुळा म्हणत नाही.

या प्रसंगात आजोबांचे म्हणणे खरे होते, आणि तरीही वाद ते हरले. खऱ्या बाजूला असलेल्या माणसाने वाद हरावा, ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही. त्यात सत्याची हानी होते, विचारणाऱ्या मुलाची हानी होते, आणि बाराशे वर्षांपूर्वी ज्यांच्या हातांनी तो डोंगर कोरला त्या अनाम पाथरवटांच्या वाट्याचे श्रेयही जाते. म्हणून कैलास कोणी कोरला, पिरॅमिड कोणी रचले, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच त्यावर वाद कसा करावा हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

पहिली गोष्ट ही की, मुलाला जे आश्चर्य वाटले त्यात लाजण्यासारखे काही नाही. ते आश्चर्य फार जुने आहे. राष्ट्रकूट घराण्यातील कर्क सुवर्णवर्ष याचा एक ताम्रपट बडोद्यास सापडला. तो शके ७३४ चा, म्हणजे इसवी सन ८१२-१३ चा आहे. कृष्णराजाने एलापूर येथे उभविलेल्या मंदिराचे त्यात वर्णन आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी हे एलापूर म्हणजे वेरूळ आणि ते मंदिर म्हणजे कैलास, असे दाखवून दिले. ताम्रपटाचा कवी सांगतो की, आकाशातून विमानाने जाणारे देव ते मंदिर पाहून थक्क झाले आणि हे स्वयंभूच असले पाहिजे, कृत्रिम वस्तूला एवढे सौंदर्य असूच शकत नाही, असे त्यांना वाटले. म्हणजे 'हे माणसाचे काम नव्हे' हा विचार आजच्या चित्रफितींनी शोधून काढलेला नाही. मंदिर होऊन पुरती पन्नास वर्षेही झाली नव्हती, तेव्हाच तो तांब्यावर कोरला गेला होता.

परंतु त्याच ताम्रपटात पुढे आणखी एक गोष्ट आहे. ज्या शिल्पकाराने ते मंदिर घडविले, त्यालाही स्वतःच्या कृतीचा विस्मय वाटला आणि हे आपल्या हातून झाले तरी कसे, असे तो म्हणाला, असे कवी सांगतो. देवांना वाटलेले आश्चर्य हा काव्याचा अलंकार आहे. शिल्पकाराला वाटलेले आश्चर्यही अलंकारच म्हणता येईल. परंतु त्या अलंकाराच्या आत एक साधे विधान बसलेले आहे: हे काम करणारा माणूस होता. इतक्या जवळच्या काळातील लेखाला असे म्हणताना संकोच वाटला नाही. आपणांस तो का वाटावा?

आता मुलाचा खरा प्रश्न घेऊ: छिन्नी-हातोड्याने एवढा डोंगर कापता येईल का? हा प्रश्न उत्तम आहे, कारण त्याचे उत्तर हिशेबाने देता येते. कैलासासाठी डोंगरात जी खोली पाडली, ती सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आहे आणि मागच्या बाजूस कडा सुमारे १०७ फूट उंच आहे. डोंगर पुढच्या बाजूला उतरता असल्याने सरासरी खोली याच्या निम्मी धरू. मध्ये शिल्लक ठेवलेले मंदिर वजा केले, तर फोडून काढलेला दगड ढोबळ मानाने २० लक्ष घनफूट भरतो. एका पाथरवटाने दिवसाला चार घनफूट दगड काढला असे मानले, तर २५० माणसांना हे काम २,००० दिवस, म्हणजे साडेपाच वर्षे पुरेल. चार घनफूट ज्याला अधिक वाटतील त्याने दोन धरावेत. मग अकरा वर्षे लागतील. एकच घनफूट धरावयाचे असेल, तर माणसे ५०० घ्यावीत. पुन्हा अकरा वर्षेच येतात. पहिल्या कृष्णाची कारकीर्द सुमारे ७५६ ते ७७३ अशी मानतात. दख्खनच्या सम्राटाला ५०० पाथरवट मिळणे अवघड नव्हते. या हिशेबात कोठे चूक असेल तर ती दाखविता येते, आणि हेच त्याचे बळ आहे. 'अशक्य आहे' या शब्दात चूक दाखविता येत नाही, कारण त्यात मोजलेले असे काहीच नसते.

दुसरा प्रश्न कामाच्या पद्धतीचा. कैलास पायापासून वर चढविलेला नाही. तो माथ्यापासून खाली उतरविलेला आहे. याला पुरावा काय, असे विचारले तर तामिळनाडूतील कळुगुमलै येथे जावे. तेथे पांड्यांच्या काळातील, आठव्या शतकातले वेट्टुवन कोविल नावाचे एकाच शिळेतील मंदिर आहे. त्याचे शिखर सुबक कोरून पुरे झालेले आहे आणि खालचा भाग मात्र तसाच ओबडधोबड राहिला आहे. काम अर्ध्यावर सोडून कारागीर निघून गेले, आणि जाता जाता आपली पद्धत उघडी ठेवून गेले. पुरी झालेली कलाकृती आपले रहस्य झाकून ठेवते. अपुरी राहिलेली ते सांगून टाकते. परग्रहावरून आलेल्या यंत्राने काम केले असते, तर ते असे अर्ध्यावर का सोडले असते, हा प्रश्न आता दुसऱ्या पक्षाने सोडवावयाचा आहे.

येथे एका दंतकथेचीही आठवण ठेवली पाहिजे. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू' या मराठी ग्रंथात वेरूळची कथा येते. राजा आजारी पडला; राणी माणिकावतीने नवस केला की, राजा बरा झाला तर शिवाचे मंदिर बांधीन आणि त्याचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. मंदिर व्हावयास वर्षे लागणार, मग राणी जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकास नावाचा शिल्पी पुढे आला. त्याने कामाला माथ्यापासूनच हात घातला आणि आठवड्याच्या आत राणीला शिखर दाखविले. ही कथा इतिहास नव्हे. परंतु लेणे वरून खाली कोरले गेले, ही खरी गोष्ट लोकस्मृतीने या कथेत शतकानुशतके जपून ठेवली आहे. शिवाय मध्य भारतातील अकराव्या ते तेराव्या शतकांतील काही कोरीव लेखांत कोकासाच्या कुळातील शिल्पींचे उल्लेख येतात. तेव्हा दंतकथा म्हणून तिला फेकून देणे हेही न्यायाचे नव्हे, आणि दंतकथा म्हणून ती जशीच्या तशी गिळणे हेही नव्हे. तिला साक्षीदाराप्रमाणे उभे करून उलटतपासणी घ्यावी, आणि जे टिकेल तेवढे घ्यावे.

विद्वानांमध्ये या लेण्याविषयी मतभेद नाहीत असे मात्र कोणी समजू नये. बडोद्याच्या संग्रहालयाचे काम पाहिलेले हेर्मान गोएट्झ यांनी १९५२ साली असे मत मांडले की, कैलासाचे श्रेय एकट्या कृष्णाला देणे ही अतिशयोक्ती आहे; काम त्याच्या आधी दंतिदुर्गाच्या वेळीच सुरू झाले आणि पुढे अनेक राजांच्या काळात वाढत गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मधुकर केशव ढवळीकर यांनी या प्रश्नाचा पुन्हा विचार केला. शिल्पांची शैली आणि दगडातील कामाचा क्रम तपासून ते या निर्णयाला आले की, मुख्य मंदिर, नंदीमंडप, प्रवेशद्वार, अंगणातील हत्ती व स्तंभ हे सारे कृष्णाच्याच काळातले आहे. म्हणजे मुख्य मुद्द्यावर त्यांनी गोएट्झना विरोध केला. परंतु रावण कैलास हलवीत असल्याचे जे अतिप्रसिद्ध शिल्प आहे, ते मात्र तीन-चार दशकांनी मागाहूनचे असावे, हे त्यांनी आपण होऊन मान्य केले. प्रतिपक्षाच्या म्हणण्यात जेवढे खरे दिसले, तेवढे त्याच्या पदरात टाकून मग आपला निर्णय सांगावयाचा, ही सभ्य वादाची खूण होय.

आता नातवाने उल्लेखिलेल्या पिरॅमिडांकडे वळू. त्यांच्या बाबतीत चमत्कारिक समजुती फक्त आजच्या अज्ञानी लोकांनीच बाळगल्या, असे म्हणण्याची सोय इतिहास ठेवीत नाही. बायबलमधील योसेफाने दुष्काळासाठी बांधलेली धान्याची कोठारे म्हणजेच पिरॅमिड, असे युरोपातील ख्रिस्ती लोक अनेक शतके मानीत. सहाव्या शतकातील बिशप ग्रेगरी ऑफ टूर्स यांनी तसे लिहिले आहे आणि व्हेनिसच्या संत मार्कच्या मंदिरात तेराव्या शतकातील कुट्टिमचित्रात पिरॅमिड कोठारे म्हणूनच दाखविले आहेत. पुढे प्रवासी तेथे गेले. त्यांनी पाहिले की, ही रचना आतून जवळजवळ भरीव आहे, तीत धान्य साठवावे तरी कोठे? हळूहळू ती समजूत मावळली. ती गेली म्हणून कोणाच्या श्रद्धेचा एक चिराही ढळला नाही.

याहून बोधप्रद गोष्ट एकोणिसाव्या शतकातील आहे. स्कॉटलंडचे राजज्योतिषी चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी १८६४ साली एक ग्रंथ लिहिला. खुफूच्या महान पिरॅमिडच्या मापांत ईश्वरी ज्ञान साठविलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पंचवीस इंचांहून किंचित मोठा असा एक पवित्र हात त्यांनी कल्पिला. त्या हाताने पायाची एक बाजू मोजली की वर्षाच्या दिवसांइतकी, म्हणजे ३६५.२४ ही संख्या येते, असा त्यांचा दावा. विल्यम पेट्री नावाचे एक अभियंता या मताने भारावून गेले होते आणि त्यांचा मुलगा फ्लिंडर्स यानेही कोवळ्या वयात तो ग्रंथ आवडीने वाचला होता. हा फ्लिंडर्स पेट्री १८८० साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मोजणीची उत्तम उपकरणे घेऊन गीझास गेला. जवळच्या एका जुन्या थडग्यात त्याने मुक्काम केला आणि दोन हंगाम खपून पिरॅमिडची मोजणी केली. स्मिथ यांच्या सिद्धान्ताला बाजू सुमारे ९,१४० इंच हवी होती. पेट्रीला ती सरासरी ९,०६८.८ इंच भरली. सुमारे सहा फुटांचा फरक! घरातील वडिलांचे प्रिय मत आणि स्वतःच्या कोवळ्या वयातील ओढ, दोन्ही बाजूला ठेवून त्याने १८८३ साली ते आकडे जसेच्या तसे छापले. त्याने स्मिथांची थट्टा केली नाही; त्यांचा सिद्धान्त त्यांच्याच मापाने मोजला. पुढे इजिप्तच्या पुराणवस्तुशास्त्राचा जो पाया घातला गेला, त्यातील एक मोठी शिळा ही मोजणी होय. म्हणजे एका चुकीच्या मताने एका तरुणाला खऱ्या शोधाच्या वाटेवर आणून सोडले. चुकीच्या मताचीही अशी सेवा घडू शकते. अट एकच, की ते तपासले गेले पाहिजे.

प्रचलित मतालाही हाच न्याय लागू आहे. पिरॅमिड म्हणजे चाबकाखाली राबणाऱ्या गुलामांचे काम, हे चित्र सिनेमाने घरोघर पोहोचविले होते. हिरोडोटसने एक लाख माणसे व वीस वर्षे असा आकडा दिला होता. १९९० पासून गीझाजवळ कामगारांची थडगी उजेडात आली. शेजारी त्यांची वस्ती, भट्ट्या व भाकरी भाजण्याची भांडी सापडली. हाडे मोडून नीट जुळल्याच्या खुणा सांगाड्यांवर दिसल्या. म्हणजे जखमी माणसाची शुश्रूषा होत होती. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत ज्यांना सन्मानाने पुरले, ते निव्वळ गुलाम नव्हेत, असे मानणे भाग पडले. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे तर खुफूच्या काळातील पपायरस सापडले. मेरेर नावाच्या एका मुकादमाची ती रोजनिशी आहे. आपल्या टोळीने तुऱ्याच्या खाणीतून चुनखडीचे चिरे नावांत भरून गीझास कसे पोहोचविले, याची त्यात दिवसवार नोंद आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मुकादमाची हजेरी-वही हाती आल्यावर आकाशातील यंत्रे शोधण्याची निकड उरत नाही.

तरीही सारे प्रश्न सुटले, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेवीस लक्षांच्या आसपास चिरे सुमारे १४६ मीटर उंचीपर्यंत नेमके कोणत्या उतरणीने चढविले, यावर आजही वाद आहे. फ्रेंच वास्तुशिल्पी झाँ-पिएर हूदँ यांनी उतरण पिरॅमिडच्या आतून फिरत वर गेली असावी, असे मत मांडले. रसायनज्ञ जोसेफ दाविदोविट्स यांनी काही चिरे कापलेले नसून साच्यात ओतलेले असावेत, असे म्हटले. पुष्कळ भूशास्त्रज्ञांना हे पटले नाही. खाणींतील कापकामाच्या खुणा व चिऱ्यांतील नैसर्गिक थर त्यांनी पुढे केले. हे दोघे प्रचलित मताविरुद्ध उभे राहिले, परंतु दोघांनीही तपासता येईल असे काही सांगितले. म्हणून त्यांना उत्तरे मिळाली, थट्टा नव्हे. आणि मिळावयासही उत्तरेच हवीत.

वादाची ही मर्यादा आपल्याला नवी नाही. न्यायशास्त्राने बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाण व तर्क यांच्या साहाय्याने चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी शब्दच्छलानेही चालतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता दुसऱ्याचे तेवढे खोडीत बसणे ती वितंडा. 'हे माणसाला शक्य होते का, तुम्हीच सांगा' असे विचारीत राहावयाचे, पण मग कोणी केले, केव्हा, कोणत्या हत्याराने, त्याची खूण कोठे, हे कधीच सांगावयाचे नाही, ही वितंडा होय. आणि 'मोठ्यांनी सांगितले, गप्प बैस' हा जल्पाचाच भाऊबंद. आपले पूर्वज तर प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून नीट मांडीत, आणि त्यानंतरच सिद्धान्त सांगत. प्रतिपक्षाने ऐकून 'होय, हेच माझे म्हणणे' असे म्हणावे, इतका पूर्वपक्ष प्रामाणिक असला पाहिजे. आणि दोघांनीही वादाला बसण्यापूर्वी स्वतःला विचारावे की, कोणती गोष्ट दिसली तर आपण आपले मत सोडू? ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही, त्याने वादाला बसूच नये.

बालाघाटच्या त्या घरात पुन्हा एकदा डोकावून पाहू. समजा, आजोबांनी त्या रात्री वेगळे उत्तर दिले असते. "बाळा, तुला नवल वाटले हे बरोबरच आहे. तुझे म्हणणे असे की, छिन्नीने एवढा दगड इतक्या वर्षांत निघणार नाही. असेच ना? मग वही आण, हिशेब करू. किती लांब, किती रुंद, किती खोल? एक माणूस दिवसाला किती दगड काढील, ते मी सांगतो. ते मला ठाऊक आहे." मग दोघेजण दिव्याखाली वहीवर वाकले असते. गुणाकार नातवाने केला असता. हाताला पडलेल्या घट्ट्यांची साक्ष आजोबांनी दिली असती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मलाजखंडची वाट धरून, डोंगर माथ्यापासून पायऱ्या पाडीत खाली कसा उतरवितात, हे त्यांनी त्याला काठावरूनच दाखविले असते.

कदाचित नातवाला सगळे एका रात्रीत पटले नसते. न पटो. पण तो वही मिटून चित्रफितीकडे परत गेला नसता. आणि वेरूळच्या त्या डोंगरात ज्यांनी आयुष्ये झिजविली, ते लोक परग्रहावरून आलेले नव्हते, ते आपल्या आजोबांसारखेच होते, ही गोष्ट त्याला कोणी न सांगताच कळली असती.